तूट

दस्तगीर म्हणाला, अक्का, आता ठिगळानं भागणार न्हाई.
तेरा भोकं मोजली त्यानं, कानडीत.
मोजायला त्याला कानडीच लागतं,
भांडायला मराठी,
आणि पान्याशी बोलायला तिसरंच काहीतरी.

न्हाणीच्या फरशीवरचा मोरचुदी ओघळ
मी लिंबाच्या सालीनं घासत आले इतकी वर्षं.
शेजारच्या महादेवीनं एकदा विचारलंही होतं,
लुगड्याचा रंग सांडला काय गं?

हे नळ आमच्या ऐपतीचे नव्हतेच.
कॅम्पातला कुठलासा बंगला पाडला, त्याच्या लिलावात
बाबांनी घेतले, सायकलला बांधून वडगावात आणले,
टोकाला लाल फडकं,
आणि मागून मी, नऊ वर्षांची,
सरका, सरका, म्हणून ओरडत पळणारी.
साहेबाचं ऊन पाणी वाहिलेले नळ
आमच्या मागाच्या खड्ड्याला वळसा घालून भिंतीत शिरले.
आई म्हणाली, भांडी जर्मनची आणि भिंतीत तांबं,
उलटंच की वो तुमचं सगळं.

दुपारभर छिन्नी.
गुरलिंग, हाताखालचा पोरगा, एकेक जोड बघून हसत होता.
गाठोडी बांधल्यासारखे फुगलेले जोड.
बाबा विणकर होते, म्हटलं.
प्लंबरला द्यायला पैसे उरले नव्हते.

मग न्हाणीच्या नि चुलीच्या मधल्या भिंतीतला
पितळी कोपरा सुटला.
आट्यांवर ताग नव्हता, सूत होतं,
सफेद्यात भिजवून गुंडाळलेलं.
वरून काळं. नखानं खरवडलं
तर आत चिंतामणी रंग, काल रंगवल्यासारखा.

दस्तगीरनं टोक धरून उलगडत नेलं,
दीड हात, दोन हात.
आटे जिकडं, पीळ बी तिकडंच, म्हणाला.
चुकलं न्हाई वो म्हातारं.

मी मात्र दुसरंच मोजत होते.
सूत तोलून मिळायचं आम्हाला पेढीवरून,
आणि लुगडं तोलून परत जायचं.
त्या वर्षी चिंतामणी लुगड्यांत तूट निघाली.
शेटजीनं मजुरी कापली.
दोन दिवस आई बोलली नाही,
आणि बाबा, उंबऱ्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं:
उंदरानं नेलं असेल.

एक मांजरही आणलं होतं त्यांनी. आता आठवलं.
बिचारं वर्षभर उपाशी बसायचं मागाखाली.

म्हणजे तांब्याच्या नळात
एवढ्या वर्षांनी बाबांचं पितळ उघडं पडलं.
मी हसले तर गुरलिंग बिचकला.

भंगारवाल्यानं अकरा किलो तीनशे भरवलं,
जोडांचं वेगळं कापलं, मसाला हाय त्यात म्हणाला.
आणि सुताचं?
सुताचं काय वजन असतंय वो, अक्का.
मी वाद घातला नाही.
कोपरा तेवढा पिशवीतून परत काढून घेतला.
त्यानं तराजूकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि तूट लिहून घेतली.

नवे नळ पांढरे, हलके, सरळ,
आतून पाणी जातं की नाही भिंतीलाही कळत नाही.
जुने, पाणी यायच्या आधी खोकायचे.
चौथ्या दिवशी, पहाटे साडेचारला,
भिंतीत कोणीतरी घसा साफ केल्यागत आवाज,
की घर उठायचं, घागरी उठायच्या.

आज मी झोपूनच राहिले.
जाग आली ती दारावरच्या थापेनं.
बाहेर गटार वाहत होतं, गच्चीवरनं धार लागलेली,
आणि महादेवी, पदर खोचून, रस्त्यावरून:
अक्का, नीर! नीर नोड्री!